लूट हाती आली, आता पुढे? फँटसी आरपीजीत सोनं खर्चायची पद्धत

फँटसी आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत काल्पनिक कॅरेक्टर खेळायचा खेळ. त्यात पाचव्या-सहाव्या लेव्हलला पोचलेल्या कुठल्याही पार्टीच्या (एकत्र मोहिमा करणाऱ्या टोळीच्या) कॅरेक्टर शीट, म्हणजे प्रत्येकाच्या नोंदींचे कागद, बघा. गोल्डच्या रकान्यात चार आकडी रक्कम असते आणि शेवटची खरेदी कधी झाली ते कुणाला आठवत नाही. पुढचा खजिना सापडला की एकजण वहीत आकडा मिळवतो, बाकीचे फोन बघतात. यात खेळाडूंचा आळस थोडा आणि नियमांचा दोष जास्त. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनमध्ये पैसा लेव्हलगणिक फुगत जातो, पण जहाजं आणि घोड्यांची चिलखतं सोडली तर खेळाडूच्या पुस्तकातलं दरपत्रक १,५०० गोल्डच्या प्लेट चिलखतापाशी संपतं. त्यापुढे पैशाचं काय करायचं हे टेबलाला ठरवावं लागतं, आणि ते पहिल्या-दुसऱ्या सेशनलाच ठरवलेलं बरं.

इथले आकडे पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. २०२४ च्या पुस्तकांत महत्त्वाचा फरक आहे तिथे तसं सांगितलंय. दुसरी सिस्टीम खेळत असाल तर आकडे बदला, क्रम हाच ठेवा.

आधी आवक किती ते बघा

डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरच्या) पुस्तकातल्या खजिन्याच्या कोष्टकांत फाशांची सरासरी काढली की एका खजिन्यातली नुसती नाणी अशी येतात: ० ते ४ चॅलेंजच्या (शत्रू किती भारी त्याचा अंक) शत्रूंकडे १९६ गोल्ड, ५ ते १० ला ३,८५७, ११ ते १६ ला ३१,५०० आणि १७ च्या पुढे ३,२२,०००. अख्ख्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीत) या चार टप्प्यांत साधारण ७, १८, १२ आणि ८ खजिने मिळावेत असा त्याच पुस्तकाचा अंदाज आहे. चारजणांच्या पार्टीत माणशी वाटा काढा. पहिल्या टप्प्यात ३४३ गोल्ड, दुसऱ्यात सुमारे १७,३५०, तिसऱ्यात ९४,५०० आणि शेवटी ६,४४,०००. रत्नं आणि जादुई वस्तू यात धरलेल्याच नाहीत.

म्हणजे आधी खरीखुरी चणचण आणि मग पूर. पहिल्या चार लेव्हलला दोरखंड घ्यायचा की पोशन (जादुई औषध) यावर वाद होतो आणि तो वाद मजेचा असतो. डीएमनं तिथे हात सैल सोडला की ती मजा जाते. उलट सातव्या लेव्हलला मशालींचे कॉपर मोजत बसणं म्हणजे निव्वळ वेळेचा खून.

वजन आणि वही

५० नाण्यांचं वजन एक पौंड. म्हणजे एक नाणं सुमारे ९ ग्रॅमचं, जुन्या तोळ्याच्या हिशेबानं पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. दुसऱ्या टप्प्यातला सरासरी खजिना नुसत्या नाण्यांचा धरला तरी ७०० कॉपर, ७,००० सिल्व्हर, २,१०० गोल्ड आणि १०५ प्लॅटिनम भरतो. एकूण ९,९०५ नाणी, वजन जवळजवळ ९० किलो. १० स्ट्रेंग्थच्या (ताकदीचा अंक) माणसाची उचलायची मर्यादा १५० पौंड, म्हणजे ६८ किलो, आणि तीही चिलखत-हत्यारं धरून.

ही अडचण टाळू नका, एकदा तरी खेळा. ८ गोल्डचं खेचर ४२० पौंड वाहतं, १५ गोल्डला गाडा मिळतो. सिल्व्हर मागे ठेवायचं की खेचर घेऊन परत यायचं, हा निर्णय खेळाडूंना घेऊ द्या. एकदा तो प्रसंग झाला की पुढे शहरात सराफ द्या. नाणी जमा करायची, हुंडी घ्यायची, दुसऱ्या शहरात शेकडा दोनची कटौती देऊन वटवायची. ही कटौती पुस्तकात नाही, टेबलावर चालणारी आहे. हुंडी चोरीला जाऊ शकते, सराफाचं दिवाळं निघू शकतं, त्यामुळे डीएमलाही दोन धागे मिळतात. मोठी रक्कम हलवायला रत्नं त्याहून सोपी: १०, ५०, १००, ५००, १,००० आणि ५,००० गोल्ड अशा ठरलेल्या किमतींची असतात आणि पूर्ण किमतीला विकली जातात. हत्यारं आणि चिलखतं मात्र अर्ध्या किमतीला, तीही धड असतील तर. गॉब्लिनांच्या गंजक्या तलवारींचे ढीग गोळा करणाऱ्या खेळाडूला हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

वही एकाच्याच हाती ठेवा. चौघांनी चार जागी लिहिलं की दोन महिन्यांत चार वेगळी उत्तरं येतात. सामायिक गूगल शीट पुरते: तारीख, आवक, खर्च, कशावर, शिल्लक. प्रत्येक खजिना त्याच सेशनला गोल्डमध्ये बदलून टाका (१ प्लॅटिनम = १० गोल्ड, १ गोल्ड = १० सिल्व्हर = १०० कॉपर) आणि इलेक्ट्रम नावाचं अर्ध्या गोल्डचं नाणं सरळ विसरा.

कॅम्पेन कोकणासारख्या किनाऱ्यावर रचत असाल तर गोल्डला होन, सिल्व्हरला लारी आणि कॉपरला शिवराई म्हणा. तिन्ही नाणी खरोखर चलनात होती. एकास दहा हे गुणोत्तर मात्र खेळाचं आहे, इतिहासाचं नाही.

पहिल्या चार लेव्हल: कुठला पैसा आधी

खर्चाचा क्रम साधारण असा असावा. आधी प्रत्येकी एक हीलिंग पोशन, ५० गोल्ड. त्यातून २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे, अधिक २), म्हणजे सरासरी ७ हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा अंक) मिळतात. २०१४ च्या नियमांत ते प्यायला पूर्ण ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) जाते, म्हणून लढाईत स्वतः पिण्यापेक्षा बेशुद्ध पडलेल्या सोबत्याच्या तोंडात ओतायला ते राखून ठेवावं. २०२४ मध्ये बोनस ॲक्शन (त्याच पाळीतली जोडीची छोटी कृती) पुरते, तेव्हा हा हिशेब बदलतो. त्याच्याही आधी ५ गोल्डची हीलर्स किट घ्या: दहा वापर, आणि मरणाच्या दारातल्या माणसाला फासे न टाकता स्थिर करता येतं. इतकं स्वस्त आणि इतकं दुर्लक्षित सामान दुसरं नाही.

मग बारीकसारीक: ५० फूट दोरखंड १ गोल्ड, पहार २, गळ २, तेलाची कुपी १ सिल्व्हर, खडू १ कॉपर. दहा गोल्डच्या आत ही यादी संपते आणि कोडी सोडवायला तीच उपयोगी पडते.

चिलखताच्या बाबतीत बहुतेक फायटर (लढवय्ये कॅरेक्टर) चुकतात. चेनमेल ७५ गोल्ड, एसी (आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा अंक) १६. स्प्लिंट २०० गोल्ड, एसी १७. प्लेट १,५०० गोल्ड, एसी १८. पहिला एक अंक १२५ गोल्डला मिळतो, दुसरा १,३०० ला. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला स्प्लिंट घ्यावं आणि प्लेटसाठी पैसे दाबून न ठेवता पार्टीची पोशनं भरावीत. प्लेट पुढे येतंच. मध्यम चिलखताचं गणितही तेच: ४०० ची ब्रेस्टप्लेट आणि ७५० चं हाफ प्लेट यांत एकाच अंकाचा फरक, शिवाय हाफ प्लेटमध्ये लपूनछपून जाणं अवघड.

लांडगेमाणसांची कुणकुण असेल तर २०१४ च्या नियमांत एका हत्याराला किंवा दहा बाणांना चांदीचा मुलामा द्यायला १०० गोल्ड लागतात. विझर्डला (जादूगाराला) आपल्या पुस्तकात स्पेल (मंत्र) उतरवायला लेव्हलमागे ५० गोल्ड आणि दोन तास लागतात. तिसऱ्या लेव्हलचं एक स्पेल म्हणजे १५० गोल्ड. हा खर्च विझर्डनं एकट्यानं सोसावा असा रिवाज अनेक टेबलांवर आहे. तो अन्यायाचा आहे, कारण फायरबॉलसारख्या स्पेलचा फायदा सगळ्यांनाच होतो.

हिरे, आणि हिऱ्यांवरून होणारी भांडणं

पाचव्या लेव्हलला क्लेरिकला (पार्टीतल्या पुजाऱ्याला) रिव्हिव्हिफाय हे मेलेल्याला उठवणारं स्पेल मिळतं आणि पार्टीचा पहिला मोठा नेमका खर्च सुरू होतो. मेल्यापासून एका मिनिटाच्या आत करायचं, ३०० गोल्डचे हिरे लागतात आणि ते जळून जातात. पुढे तसल्याच मोठ्या स्पेलांपैकी रेझ डेडला ५०० चा हिरा, रेझरेक्शनला १,००० चा, ट्रू रेझरेक्शनला २५,००० चे. ग्रेटर रिस्टोरेशन या बरं करणाऱ्या स्पेलला १०० ची हिऱ्यांची भुकटी. हीरोज फीस्ट या जादुई मेजवानीच्या स्पेलला १,००० चं रत्नजडित भांडं, तेही प्रत्येक वेळी नवं.

दोन नियम आधी ठरवा. एक, साठा. पार्टीकडे कायम दोन रिव्हिव्हिफायपुरते, म्हणजे ६०० गोल्डचे हिरे असावेत आणि ते दोघांकडे वाटून ठेवावेत. सगळे क्लेरिकच्या खिशात असले आणि क्लेरिकच दरीत पडला तर ते हिरे दरीतच राहतात. दोन, किंमत. घासाघीस करून ३०० चा हिरा २५० ला आणला तर स्पेल चालेल का? असा प्रश्न कुणीतरी हमखास काढतो आणि अर्धा तास जातो. सोपं उत्तर: हिऱ्याची किंमत ही त्याची जात आहे, सौद्याची रक्कम नाही. बाजारात तो ३०० चा गणला जातो ना, मग चालेल.

मोठे हिरे कुठेही मिळू नयेत. गावात ३०० चा एखादा, शहरात ५०० पर्यंतचे, आणि त्यावरचे फक्त अशा पेठेत जिथे व्यापारी तुम्हाला ओळखतो. मुंबईच्या खेळाडूंना झवेरी बाजार समजावून सांगावा लागत नाही. अरुंद जिने, वरच्या मजल्यावरची पेढी, कागदाच्या पुडीत माल आणि ओळखीशिवाय दार न उघडणारा मुनीम एवढं वर्णन पुरतं.

जादूच्या वस्तू विकत घ्यायच्या का?

घ्यायच्या, पण दुकानातून नाही. सगळ्या वस्तूंची किमतीसह यादी खेळाडूंना दिली की प्रत्येकजण एकच गणितानं सर्वोत्तम वस्तू शोधतो आणि खजिन्यात सापडलेल्या विचित्र वस्तूंचं मोल जातं. बाजारच ठेवला नाही तर पैसा कुजतो.

मधला मार्ग दलालाचा. २०१४ चे भाव, वस्तू किती दुर्मीळ त्यानुसार, पट्ट्यांत आहेत: अनकॉमन १०१ ते ५००, रेअर ५०१ ते ५,०००, व्हेरी रेअर ५,००१ ते ५०,०००. एवढ्या रुंद पट्ट्यांनी डीएमला काहीच मदत होत नाही. २०२४ चे ठोक भाव जास्त कामाचे: कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजेंडरी २,००,०००, आणि एकदाच वापरायच्या वस्तूंना निम्मे. ते जुन्या एडिशनमध्येही बिनधास्त वापरा. शोधायला किमान एक कामाचा आठवडा आणि १०० गोल्ड जातात असा नियम एका पूरक पुस्तकात आहे. आणखी प्रत्येक १०० गोल्डला किंवा आठवड्याला फाशावर +१, जास्तीत जास्त +१०. शोध संपला की डीएमनं तीन वस्तू पुढे ठेवाव्यात: एक मागितलेल्याच्या जवळपासची, एक भलतीच, आणि एक स्वस्त पण भानगडीची. तिसरीवरून पुढचे दोन-तीन सेशन निघतात.

घासाघीस टेबलावर एकदाच. एक फासा, यश आलं तर दहा टक्के कमी, नाही आलं तर आहे तो भाव. विरार, डोंबिवली आणि पनवेलहून जमलेल्या टेबलाला रविवारच्या दुपारी तीन-साडेतीन तास मिळतात. त्यातले चाळीस मिनिटं लोहाराशी भाव करण्यात घालवू नयेत. साधी खरेदी शुक्रवारपर्यंत व्हॉट्सॲपवर उरका, डीएमनं हो किंवा नाही कळवावं, आणि ज्या खरेदीत धोका आहे तीच समोरासमोर खेळा.

किल्ला

दहाव्या लेव्हलपर्यंतचा पैसा मुरवायला बांधकामासारखा मार्ग नाही, आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो.

पुस्तकातले आकडे: शहरातलं गिल्ड भवन किंवा व्यापारी ठाणं ५,००० गोल्ड आणि ६० दिवस. तटबंदीचा मनोरा किंवा छोटी गढी १५,००० आणि १०० दिवस. जमीनदाराचा वाडा २५,००० आणि १५० दिवस. किल्ला ५०,००० आणि ४०० दिवस. राजवाडा किंवा मोठा दुर्ग ५,००,००० आणि १,२०० दिवस. शेवटचा आकडा फुगवलेला वाटतो, पण मालवणसमोरचा सिंधुदुर्ग १६६४ ला सुरू होऊन १६६७ मध्ये पुरा झाला. १,२०० दिवस म्हणजे सव्वातीन वर्षं. जवळपास बसतं.

खेळाडू बांधकामाची रक्कम बघतात. बुडतात ते रोजच्या खर्चात. किल्ल्याला रोजचे १०० गोल्ड लागतात, गढीला ५०, मनोऱ्याला २५, व्यापारी ठाण्याला १०, गिल्ड भवनाला ५. फ्लॅटचा हप्ता फेडून दमलेल्या माणसाला सोसायटीचा मेंटेनन्स दिसावा तसा हा प्रकार. दुसऱ्या टप्प्यात चौघांनी मिळून कमावलेले ६९,४०० गोल्ड घ्या. त्यातून किल्ला बांधला तर उरतात १९,४००, म्हणजे १९४ दिवसांचा खर्च. सहा-साडेसहा महिन्यांनी शिपाई पगार मागायला दारात. तेच पैसे मनोऱ्यात घातले तर ५४,४०० उरतात आणि जवळजवळ सहा वर्षं निघतात. म्हणून पहिलं बांधकाम दहाव्या लेव्हलच्या आत मनोरा, गिल्ड भवन किंवा ठाणं यांपैकी असावं. किल्ला अकराव्या लेव्हलनंतर.

आणखी एक नियम बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मालक हजर नसेल तर गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसामागे बांधकाम तीन दिवसांनी लांबतं. दहा दिवसांच्या मोहिमेवर गेलात की महिनाभराची खोटी. यावर उपाय म्हणजे भरवशाचा माणूस नेमणं. कुशल माणूस रोज २ गोल्ड, अकुशल २ सिल्व्हर. देखरेखीला दिवसाला ४ गोल्ड घेणारा स्थपती ठेवला तर लांबण एकावर आणा. हा घरचा नियम आहे, पण चालतो.

पैसे असले म्हणून कुठेही बांधता येत नाही, आधी सनद लागते. सनद कोण देतो, बदल्यात काय मागतो, आणि शेजारच्या देशमुखाला ते रुचतं का, ही तीन उत्तरं डीएमनं तयार ठेवली की बांधकामाआधीच दोन सेशन भरतात. मग माणसं. मराठी गडांची जुनी व्यवस्था इथे आयती मिळते: किल्ल्या सांभाळणारा हवालदार, शिबंदीचा सरनोबत, जमाखर्चाचा सबनीस, कोठाराचा कारखानीस. चौघांना नावं द्या आणि प्रत्येकाला दुसऱ्याविषयी एक तक्रार द्या. पार्टी मोहिमेवरून परतली की एकच तक्रार पुढे आणा, चार नव्हे. चारही एकदम आणल्या की खेळाडूंना गड म्हणजे ऑफिस वाटू लागतं आणि ते पुढच्या डन्जनमध्ये पळतात.

धंदा करून खर्च भागेल ही आशा फार धरू नका. धंद्याच्या कोष्टकावर शंभरी फासा टाकून त्यात दिलेले दिवस मिळवायचे, जास्तीत जास्त ३०. बेरीज २० किंवा कमी आली तर रोजच्या खर्चाच्या दीडपट खिशातून, ४१ ते ६० ला खर्च भागतो, ९१ च्या पुढे ३डी१०×५ गोल्ड नफा, सरासरी साडेब्याऐंशी. श्रीमंत व्हायला हे अपुरंच, आणि ते ठीकच आहे, नाहीतर पार्टी भुसाराचं दुकान चालवत बसेल.

२०२४ मध्ये पाचव्या लेव्हलपासून बॅस्टियन (कॅरेक्टरचं स्वतःचं ठाणं) मिळतो. त्याच्या दोन खास खोल्या फुकट, दर सात दिवसांनी एक बॅस्टियन टर्न (ठाण्याला हुकूम द्यायची पाळी). पैसा लागतो तो साध्या खोल्या वाढवायला: लहान ५०० गोल्ड आणि २० दिवस, मध्यम १,००० आणि ४५, प्रशस्त ३,००० आणि १२५. हिशेब सोपा, पण खजिन्याला वाट कमीच राहते. ज्यांना पैसा खेळात हवा आहे त्यांनी बॅस्टियनसोबत जुना रोजचा खर्चही लावावा, निम्म्या दरानं.

वाटणी

चारजण असतील तर पाच वाटे. पाचवा वाटा सामायिक पेटीचा, त्यातून हिरे, पोशनं, विझर्डची शाई, मुक्काम आणि बांधकाम. राहणीमानही पेटीतून एकसारखं भरा: साधं रोज १ गोल्ड, आरामाचं २, श्रीमंती ४, सरदारी किमान १०. महिनाभर सरदारी राहणीला माणशी ३०० गोल्ड लागतात, आणि त्याबदल्यात डीएमनं काहीतरी ठोस द्यायला हवं: दरबारातलं एक आमंत्रण, एक अफवा, एक शत्रू. नुसता आकडा वजा होत राहिला तर तिसऱ्या महिन्याला सगळे गोठ्यात झोपायला तयार होतात.

पेटीतला खर्च तिघांच्या होकारानं. चोरीत तरबेज ‘रोग’ (rogue) जातीचं कॅरेक्टर पेटीवर डल्ला मारणार असेल तर त्या खेळाडूनं आधी टेबलाला विचारावं, कॅरेक्टरला नाही.

डीएमनं पैसा कसा काढून घ्यावा

चोर पाठवून नव्हे. एकदा चोरी झाली की खेळाडू पुढचं अख्खं कॅम्पेन नाणी पुरण्यात घालवतात. पैसा मागणारा माणूस पाठवा: खंडणीत अडकलेला भाऊ, पूर आलेलं गाव, शेकडा दोन महिना व्याजानं कर्ज देणारा सावकार. १०,००० च्या कर्जावर महिना २०० गोल्ड व्याज हे सातव्या लेव्हलच्या पार्टीला मोहिमेवर निघायला पुरेसं कारण आहे.

दुसरा मार्ग जुना आहे. १९७४ च्या मूळ खेळात परत आणलेल्या प्रत्येक गोल्डला एक एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभवाचा गुण) मिळायचा. त्या खेळाचा सहनिर्माता डेव्ह अर्नेसनच्या टेबलावर तर सोनं आपल्या आवडीच्या गोष्टीवर उधळल्यावर अनुभव मिळत असे. पाचव्या एडिशनमध्ये हे तसंच्या तसं लावलं तर वरच्या लेव्हलला कोलमडतं, कारण शेवटच्या टप्प्यात एकाच खजिन्यातून माणशी ८०,५०० गोल्ड येतात. म्हणून मर्यादा घाला: खेळात काहीही फायदा न देणाऱ्या खर्चावर, म्हणजे देऊळ, मेजवानी, गुरूला दक्षिणा, गावच्या विहिरीवर, गोल्डला एक एक्सपी, आणि तो चालू लेव्हलला लागणाऱ्या एक्सपीच्या एक दशांशापर्यंतच. पाचव्या लेव्हलवरून सहाव्या लेव्हलला जायला ७,५०० लागतात, तर उधळपट्टीतून ७५०. माइलस्टोननं (कथेतल्या टप्प्यांवर) लेव्हल देत असाल तर एक्सपीऐवजी इन्स्पिरेशन (फाशाला मदत करणारी सवलत) द्या.

कॅरेक्टर मेलं तर

हे आधी लिहून ठेवलं नाही तर फार विचित्र परिणाम होतात. सातव्या लेव्हलचं नवं कॅरेक्टर नियमानुसार ५०० अधिक १डी१०×२५ गोल्ड घेऊन येतं. मेलेल्याचा वाटाही उरलेल्यांत वाटला तर पार्टीतला पैसा आणखी फुगतो, आणि नव्यालाच दिला तर आडनाव बदलून तोच माणूस परत आल्यासारखं होतं. प्रत्येकानं शीटच्या मागे वारस लिहावा. वैयक्तिक वाटा त्या वारसाकडे, टेबलाबाहेर. सामायिक पेटी आणि बांधकामातला हिस्सा पार्टीकडे. जादुई वस्तू पार्टीकडे, पण त्यांतली एक वारसाला पोचवायची. वारस कुठल्या शहरात राहतो ते डीएमनं ठरवावं, आणि ते शहर शक्यतो पार्टीच्या वाटेवर नसावं.